हजार रुपयांच्या आत बांबूचा तीरकामठा: पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीच्या कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाले, आणि तेव्हापासून ओळखीतल्या पोरांचा एकच धोशा आहे, मला पण धनुष्यबाण पाहिजे. मग आईवडील ऑनलाइन किंमत बघतात, स्पर्धेचं कंपाउंड धनुष्य लाखाच्या घरात जातं हे कळतं आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हे लिहितोय. बांबूचा साधा कामठा, म्हणजे धनुष्य, घरी बनवता येतो, गच्चीवर किंवा अंगणात बनवता येतो, आणि सगळं सामान नव्याने घेतलं तरी हजाराच्या आत बसतं. आणि हे काही लुटुपुटूचं खेळणं नाही बरं का, आपल्याकडे नॅशनल लेव्हलला इंडियन राउंड नावाचा प्रकारच आहे, त्यात बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर नेम धरतात. राजस्थानचा लिंबा राम बांबूच्या धनुष्यावरच शिकला आणि पुढे तीन ऑलिंपिक खेळून आला.

मी हे शिकलो ते धडगावकडे, सातपुड्यात, एका भिल्ल आजोबांच्या ओट्यावर बसून. त्यांच्याकडे हत्यारं म्हणजे एक कोयता, एक छोटी सुरी आणि फुटक्या बाटलीचा काचेचा तुकडा, बस. रंधा नाही, टेप नाही. कामठ्याची दोरी सुद्धा बांबूचीच, सालीची पातळ पट्टी काढून दोन्ही टोकांना वाखाने, म्हणजे झाडाच्या चिवट धाग्याने, बांधलेली. मी विचारलं की किती जाड ठेवायचं, तर त्यांनी ती पट्टी माझ्या हातात देऊन म्हटलं, "भाऊ, वाकवून बघ, कुठं कडक लागतं ते बोटाला कळतं." मला काही कळलं नाही तेव्हा. आता थोडं कळतं, आणि जेवढं कळलंय तेवढं सांगतो.

लाकूड की बांबू

पहिल्या धनुष्यासाठी बांबूच घ्या. लाकडाचं करायचं मनात असेल तर आपल्याकडचं जुनं नाव म्हणजे धामण, लवचिक लाकूड, कावडीच्या दांड्यांसाठी लोक तेच शोधायचे, पण आता चांगली सरळ धामण मिळणं कठीण आणि झाड तोडायचं म्हणजे परवानगीचा प्रश्न आला. वखारीतून सागाची पट्टी आणून बघावी असंही वाटतं, मलाही वाटलं होतं, पण वखारीत लाकूड सरळ कापलेलं असतं आणि आतल्या रेषा मात्र तिरक्या पळत असतात, एका टोकाला निघालेली रेष दुसऱ्या टोकापर्यंत न जाता मधेच कडेला बाहेर पडते, आणि धनुष्य तिथेच तडकतं. रेषा टोकापासून टोकापर्यंत जाणारी पट्टी निवडायला नजर लागते आणि ती नजर पहिल्या दिवशी नसते. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन तर नकोच.

बांबूत हा प्रश्नच येत नाही कारण त्याचे धागे उभेच असतात, आणि सगळ्यात मजबूत, दाट धागे असतात बाहेरच्या सालीलगत. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. लक्ष्याकडच्या बाजूला पाठ म्हणू आणि आपल्याकडच्या बाजूला पोट. बांबूची हिरवी-पिवळी साल पाठीला येते, म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त तिथे निसर्गाने आधीच सगळ्यात चिवट भाग ठेवलाय. त्यामुळे एकच नियम कायम डोक्यात ठेवायचा, साल तासायची नाही. जे काही तासायचं ते पोटाकडून आणि कडेने. मी दुसऱ्या कामठ्याला गाठ दिसायला वाईट दिसते म्हणून पाठीवरून कानस मारून गुळगुळीत केली होती, आणि आठवड्याने नेमकं तिथूनच एक लांब कूस, म्हणजे बारीक चिरफळी, उचललं गेलं. दिसायला चांगला होता तो, पण वाया गेला.

बांबू कुठून आणि कसा निवडायचा

पुण्यात असाल तर बुरूड आळीत जा, इतर गावांत जिथे टोपल्या, सुपं, शिड्या बनवतात तिथे जा. शेतात बांबू असेल तर उत्तमच, २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा तोडायला पूर्वीसारखी अडचण नाही. जंगलातला मात्र आणू नका.

मागताना जाड भिंतीचा, जून बांबू मागायचा. जून म्हणजे तीन-चार वर्षांचा. कोवळा बांबू दिसायला जास्त छान असतो, हिरवागार, चकचकीत, पेरांवर पांढरी भुकटी, पण तो वाळला की आकसतो, सुरकुततो आणि वाकवला की वाकलेलाच राहतो. जून बांबूची चमक गेलेली असते, सालीवर पांढरट-करडे डाग असतात, आणि बोटाच्या पेराने ठोकला तर टणक आवाज येतो, भद्द नाही. शंका असेल तर सरळ विचारा, बुरूड लोकांना एका नजरेत कळतं आणि ते सांगतात पण, फक्त तुम्ही धनुष्यासाठी घेताय हे आधी सांगा म्हणजे ते स्वतःच आतला चांगला काढून देतात.

व्यास साधारण ७ ते ८ सेंटिमीटर आणि भिंत कमीत कमी १२ मिलिमीटर. कळक किंवा काटस जातीच्या बांबूच्या बुंध्याकडच्या भागाला एवढी जाडी आरामात असते, मानवेल तर बराचसा भरीवच असतो. कोकणातला माणगाही भरीव आणि सरळ, पण तो बारीक असतो म्हणून त्याचे उभे दोनच भाग होतात आणि पाठ जास्त गोल येते, हलका कामठा होतो त्याचा, लहान मुलांसाठी छान. शेंड्याकडचा पातळ भाग घेऊ नका, स्वस्त दिला तरी नाही.

कीड लागलेला बांबू ओळखायला त्याच्याखालची जमीन बघायची, बारीक पिठासारखी पूड पडलेली असेल तर भुंगेरे आत आहेत. त्यांना बांबूतलं पिठूळ सत्त्व आवडतं, म्हणून गावाकडे बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात, ते सत्त्व निघून जातं. चुलीवरच्या माळ्यावर धूर खात पडलेला बांबू मिळाला तर याहून चांगलं काही नाही.

आणि बजेटच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की ८ सेंटिमीटरच्या एका बांबूच्या चार पट्ट्या निघतात. मी शेवटचा घेतला तो दीडशे रुपयांना, म्हणजे चाळीस रुपयाला एक चान्स पडला. पहिली पट्टी मोडली तरी रडायचं कारण नाही, बाकीच्या तीन वाळत पडलेल्याच असतात.

बाकीचं सामान: कोयता घरात असतोच. एक लाकडाची भरड कानस, एक बारीक कानस, ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर, टेप, स्केच पेन, डोळ्यांना चष्मा, जाड हातमोजे, आणि प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला वजनकाटा. तो तीन-चारशेला येतो आणि हा सगळ्यात महाग आयटम आहे, पण तो टाळू नका, का ते पुढे येईलच. रंधा कुणाकडून उसना मिळाला तर बघा, नसेल तर फुटकी काच खरंच चांगली चालते, कापडात धरून.

फाडणं आणि वाळवणं

बांबूचा पाच-साडेपाच फुटी तुकडा कापायचा, म्हणजे १६५ सेंटिमीटर. मोठ्या माणसाने दोरी २६ इंच ओढायची तर एवढी लांबी सुरक्षित आहे, यापेक्षा आखूड केलं तर बांबूवर ताण जास्त येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी १४० पुरे. कापताना गाठी कुठे येतात ते बघा. मधोमध एक गाठ आली आणि दोन्हीकडे गाठी जवळपास सारख्या अंतरावर पडल्या तर पुढचं निम्मं काम सोपं होतं, कारण गाठ कडक असते आणि दोन्ही बाजूंना कडकपणा सारखा असलेला बरा. बुंधा कुठला आणि शेंडा कुठला हे लगेच स्केच पेनने लिहून टाका, नंतर अजिबात कळत नाही. बुंध्याकडची बाजू थोडी जास्त कडक असते, ती धनुष्याच्या खालच्या अंगाला ठेवायची.

फाडायचं शेंड्याकडून. कोयता टोकावर बरोबर मध्यभागी ठेवून लाकडी ठोकळ्याने मारायचं, गाठ फुटली की टक्क असा आवाज येतो आणि चीर पुढच्या गाठीपर्यंत आपोआप पळते. चीर एका बाजूला सरकायला लागली, म्हणजे एक भाग बारीक व्हायला लागला, तर थांबा आणि जो भाग जाड राहतोय तो जास्त वाकवत पुढे फाडा, चीर हळूहळू जाड भागाकडे परत येते. हातमोजे इथेच घालायचे, फाटलेल्या बांबूची कड ब्लेडसारखी असते. आधी दोन भाग, मग त्यांचे चार.

पट्ट्या सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी आडव्या ठेवायच्या, उन्हात अजिबात नाही, तडे जातात. किती दिवस? नक्की आकडा कुणी सांगू नये कारण कोकणातली हवा वेगळी आणि सोलापूरची वेगळी. किचनमधल्या वजनकाट्यावर आठवड्याला एकदा पट्टी तोलायची आणि तिच्यावरच तारीख-वजन लिहायचं. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग हळू, आणि एका आठवड्यात काहीच फरक पडला नाही की वाळली. माझ्याकडे पुण्यात उन्हाळ्यात महिना-दीड महिना लागतो. पावसाळ्यात सुरुवात करू नका, किंवा केलीत तर फक्त फाडून ठेवा आणि दिवाळीनंतर कामाला लागा. ओलसर बांबूचा कामठा मोडत नाही पण वाकलेलाच राहतो, दोरी काढली तरी सरळ होत नाही आणि बाण लांब जातच नाही.

आकार देणं

पट्टीच्या पाठीवर, सालीवर, उभी मध्यरेषा काढा. दोन टोकांना ताणून दोरा धरला की सरळ रेष मिळते. मधोमध रुंदी ४ सेंटिमीटर, तिथून दोन्हीकडे हळूहळू कमी करत टोकाला दीड सेंटिमीटर. कोयत्याने कडेचं जास्तीचं काढायचं, पण रेषेपासून चांगलं पाच मिलिमीटर लांब थांबायचं आणि बाकीचं कानशीने. कोयता एकदा रेषेच्या आत गेला की परतीचा मार्ग नाही.

आता पोटाची बाजू. बांबू आतून पन्हळीसारखा खोलगट असतो आणि गाठींपाशी आत पडदे असतात. पडदे आधी काढा, पण गाठीच्या जागी एखादा मिलिमीटर जाडी जास्तच राहू द्या. मग कडांचे उंच भाग कानशीने किंवा रंध्याने खाली आणत पोट सपाट करायचं. मधे जाडी १२ मिलिमीटरच्या आसपास, टोकाकडे ८ पर्यंत आणायची. हे आकडे सुरुवातीचे आहेत, शेवटचे नाहीत, प्रत्येक बांबू वेगळा. चारही कडा पॉलिश पेपरने गोल करा, विशेषतः पाठीच्या दोन कडा, कारण टोकदार कडेवरूनच कूस उठतं. मुठीसाठी वेगळं लाकूड चिकटवत बसू नका, मधल्या भागावर नंतर सुतळी घट्ट गुंडाळली की मूठ झाली. या प्रकारात धनुष्य मुठीतही किंचित वाकतं आणि ते चांगलंच आहे, ताण सगळीकडे वाटला जातो.

टोकापासून दीड-दोन सेंटिमीटर सोडून दोन्ही कडांना दोरीसाठी खाचा करायच्या, गोल कानशीने, पोटाच्या दिशेला तिरक्या. खाच पाठीवर आडवी कापू नका, फक्त कडेला.

दोरी

इथे लोक नायलॉनची दोरी घेतात आणि फसतात. नायलॉन ताणतं, त्यात सगळा जोर जातो आणि पंधरा मिनिटांत दोरी सैल पडते. पॉलिस्टरचा मजबूत धागा घ्या, चामडं शिवायला वापरतात तो मेण लावलेला धागा मिळतो, तो फार छान. जुन्या काळी अंबाडीच्या किंवा घायपाताच्या वाखाची दोर वळायचे, ते शिकण्यासारखं आहे, पण पहिल्या कामठ्याला नको.

किती पदर घ्यायचे याचा साधा हिशेब म्हणजे दोरी कामठ्याच्या जोराच्या निदान चौपट-पाचपट भार पेलणारी हवी. आपण २५ पौंडाचा कामठा करतोय, म्हणजे पूर्ण ओढायला २५ पौंड, साधारण ११ किलो जोर लागणारा, तर दोरीने ५० ते ६० किलो पेललं पाहिजे. एका पदराची ताकद घरीच मोजता येते: धागा खिडकीच्या गजाला बांधायचा, खाली बादली, आणि बादलीत लिटरच्या मापाने पाणी ओतत जायचं. समजा सात लिटरला तुटला, बादलीचं वजन धरून आठ किलो झालं, तर आठ पदर घेतले की ६४ किलो. माझ्या पुतणीने हा प्रयोग केला तेव्हा तिला धनुष्यापेक्षा हाच भाग जास्त आवडला. बाथरूममध्ये करा, पाणी सांडतं.

पदरांचे दोन भाग करायचे, प्रत्येक भागाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन्ही एकमेकांवर डावीकडे टाकत जायचं. घरात कुणी आजी-आजोबा मांडीवर दोरी वळणारे असतील तर त्यांना विचारा, तेच तंत्र आहे, हात बघूनच पटकन जमतं. वरच्या टोकाला फास ठेवायचा, खालच्या टोकाला गाठ मारायची: दोरी खाचेत घालून टोकाभोवती फिरवायची आणि उरलेलं टोक त्याच दोरीभोवती तीन-चार वेळा गुंडाळायचं. ताण आला की ती आपोआप आवळते, आणि दोरी लांब-आखूड करायची असेल तर सोडायला पण सोपी. शेवटी मेण चोळा. मधे जिथे बाण लागतो तिथे वेगळा धागा चार बोटं रुंद घट्ट गुंडाळा.

वाक बसवणं, म्हणजे टिलरिंग

खरं काम हे आहे. इथपर्यंत जे झालं ती बांबूची पट्टी आहे, धनुष्य इथून पुढे होतं. मूठ सोडून दोन्ही बाजूंची पाती सारखी आणि एका गोल, सलग कमानीत वाकली पाहिजेत. कुठे कोपरा पडता कामा नये आणि कुठे काठीसारखा सरळ भाग राहता कामा नये.

सुरुवातीला दोरी लावायचीच नाही. कामठ्याचं एक टोक जमिनीवर, पायरीवर किंवा पायपुसण्यावर टेकवा, मुठीवर एक हात आणि दुसरा वरच्या टोकावर, आणि मुठीवर हलका दाब द्या. पातं कसं वाकतं ते बघा. उलटं करून दुसरं बघा. आजोबा जे बोटाला कळतं म्हणाले ते इथे कळायला लागतं, कडक भाग अक्षरशः हाताला विरोध करतो. त्या जागी पोटाकडून काचेने पाच-सहा फटके मारायचे, पातळ कुरळ्या साली निघतात, मग परत वाकवायचं, परत बघायचं.

दोन्ही पाती सारखी वाटायला लागली की लांब दोरी लावा, म्हणजे कामठा सरळच राहील आणि दोरी खाली लोंबेल एवढी लांब. भिंतीत किंवा दाराच्या चौकटीत मजबूत आधार करून त्यावर मूठ पोटाची बाजू खाली करून ठेवायची, दोरीला वजनकाटा अडकवायचा आणि खाली ओढायचं. पाठीमागे टाइल्सची भिंत असेल तर फारच छान, टाइल्सच्या रेषा म्हणजे तयार ग्राफ पेपर. मोबाइल समोर स्टँडवर ठेवून फोटो काढा आणि दोन्ही टोकं कुठल्या रेषेपर्यंत आली ते मोजा. डोळ्याला सारखं वाटतं आणि फोटोत तीन सेंटिमीटरचा फरक निघतो, मला दर वेळी निघतो.

आणखी एक युक्ती, पाच इंचाची सपाट लाकडी पट्टी घ्या, तिच्या मधोमध भोक पाडून पेन्सिल घाला, टोक किंचितच बाहेर. कामठा वाकलेला असताना ही पट्टी पोटावरून सरकवायची. जिथे कामठा चांगला वाकलाय तिथे पट्टी आणि पोट यांच्यात फट राहते आणि पेन्सिल टेकत नाही, जिथे कडक सरळ भाग आहे तिथे पेन्सिलची रेघ उमटते. रेघ उमटली तिथे तासायचं. जिथे जास्त वाकतंय तिथे स्केच पेनने मोठी फुली मारून ठेवा आणि तिथे हत्यार लावू नका, तिच्या दोन्ही बाजूंना तासून बाकीचं पातं तिच्या बरोबरीला आणायचं.

आता वजनकाट्याचं कारण. ठरवलेला जोर २५ पौंड, म्हणजे ११ किलो. काटा ११ किलोच्या वर कधीच जाऊ द्यायचा नाही, मग तेव्हा दोरी १० इंच आलेली असो की २० इंच. सुरुवातीला कामठा इतका कडक असतो की सहा-सात इंचातच ११ किलो होतात, तिथेच थांबायचं, तासायचं, आणि प्रत्येक तासणीनंतर त्याच मर्यादेत वीस-तीस वेळा हळूहळू ओढून सोडायचं, म्हणजे बांबूला नवा वाक समजतो आणि तासलेल्याचा खरा परिणाम दिसतो. मग दर खेपेला तेवढ्याच ११ किलोला दोरी इंच-अर्धा इंच जास्त खाली येते. माझा पहिला कामठा याच जागी गेला, वाक एका बाजूला जास्त दिसत होता, तरी एकदा पूर्ण ओढून बघू म्हणून ओढला, फाडकन आवाज झाला आणि वरचं पातं गाठीजवळ दुमडलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. तुम्ही चष्म्याशिवाय ओढू नका आणि मुलांना समोर उभं करू नका.

लांब दोरीवर १२-१४ इंच सारखं यायला लागलं की खरी, आखूड दोरी चढवा. कामठ्यापेक्षा साधारण ८ सेंटिमीटर कमी लांबीची. चढवल्यावर दोरी आणि मूठ यांच्यात किती अंतर हवं, तर मूठ वळून अंगठा वर केला की जेवढं होतं तेवढं, १४ ते १६ सेंटिमीटर. बाजूने बघा, दोरी मुठीच्या मधोमध जाते का. डावीकडे-उजवीकडे पळत असेल तर पातं पिळलंय, पोटाच्या एका कडेने थोडं काढून ते सुधारतं, पण फार थोडं.

मग पुन्हा तेच, ओढा, फोटो, पेन्सिल, काच, पॉलिश पेपर. २६ इंचाला ११ किलो येईपर्यंत. याला मला अजूनही तीन-चार संध्याकाळी लागतात. एका बैठकीत उरकू नका, दमल्यावर माणूस नको तिथे तासतो. १९९१ मध्ये आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या ओत्झी नावाच्या माणसाजवळ, जो पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी गेला, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं जवळपास १.८ मीटरचं धनुष्य होतं, आणि ते अर्धवट तासलेलं होतं, हत्याराचे घाव अजून त्यावर तसेच दिसतात. मला त्याचा फोटो बघून दर वेळी वाटतं की हा माणूस नेमका आपल्याच टप्प्यावर होता.

शेकणं

हे ऐच्छिक आहे पण मी करतो. शेवटचे दोन-तीन इंच बाकी असताना दोरी काढून पोटाची बाजू निखाऱ्यावर वीतभर उंच धरून शेकायची, हळूहळू सरकवत, मधासारखा रंग येईपर्यंत. काळं नाही करायचं. पोट दाबाला जास्त टणक होतं आणि कामठा उडी चांगली मारतो. पाठीला आच लागू द्यायची नाही. शेकल्यावर दोन-तीन दिवस नुसता ठेवा, लगेच वाकवला तर तडकतो, कारण आतला ओलावा उडालेला असतो आणि तो हवेतून परत यायला वेळ लागतो. जोर थोडा वाढतो, तेवढं पुन्हा तासून ११ किलोवर आणा. शेवटी १५० नंबरचा पेपर, आणि जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन.

बाण आणि पहिला दिवस

बाणांवर खरं तर वेगळं लिहायला लागेल, इथे कामापुरतं. सरळ बारीक बांबू, ८-९ मिलिमीटर जाडीचा, मेणबत्तीवर किंवा गॅसवर गरम करून सरळ करायचा, २८ इंच लांब, मागे दोरीसाठी खाच आणि खाचेच्या खाली फुटू नये म्हणून दोऱ्याचे वेढे, तीन पिसं, चिकनवाल्याकडे पिसं फुकट मिळतात. टोकाला अणकुचीदार काही नको, जाड बोथट टोक ठेवा. सरावाला हेच पुरतं, आणि प्राणी-पक्ष्यांवर नेम धरायचा नाही, शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि बंदी नसती तरी मी नकोच म्हणालो असतो.

लक्ष्य म्हणजे गव्हाचं गोणपाट, आत जुन्या साड्या, चिंध्या, ठासून भरलेल्या. मागे मातीचा बांध किंवा कोरी भिंत, आणि त्या बाजूला कुणी येणार नाही याची खात्री. पहिल्या दिवशी सात-आठ मीटरवरूनच मारा. दोरी तीन बोटांनी ओढायची आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जाणारा सगळा जोर मग कामठ्यातच फिरतो आणि चांगला कामठा एका रिकाम्या फटक्यात जातो. घरी पाहुणे आले की कुणीतरी हातात घेऊन टणकन वाजवून बघतंच, म्हणून दोरी काढूनच ठेवायची सवय लावा. ओढून धरून गप्पा मारत उभंही राहायचं नाही, दोन-तीन सेकंदात सोडायचा किंवा हळू परत आणायचा.

वापरून झालं की दोरी उतरवा, आडवा ठेवा, दोन खिळ्यांवर, उन्हापासून आणि गॅलरीतल्या ओलीपासून लांब. पहिले शंभर बाण झाले की पाठ बोटाने चाचपून बघा, कुठे कूस उठलंय का, पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या आल्यात का. सुरकुत्या दिसल्या तर तिथे कामठा जास्त वाकतोय, आजूबाजूला तासून जोर दोन पौंडांनी कमी झाला तरी चालेल. माझा तिसरा कामठा असाच २५ चा २२ पौंडाचा झाला, गेली दोन वर्षं पुतणी रोज संध्याकाळी तोच मारते, आणि चौथी पट्टी अजून माळ्यावर आहे, या दिवाळीनंतर ती स्वतः तासणार आहे.